व्हाळ भरला होता

चवथीच्या आदल्या संध्याकाळी गोव्यात, सत्तरीतल्या केरीच्या आमच्या जुन्या घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची लाकडी चौकट, बांधणे चालू होते. मी शिडीवर उभा होतो. एका हातात कवंडळांचा घोस होता, दातांत केवणीच्या सालीचा दोर होता आणि खालून चार माणसे चार दिशांनी सांगत होती की नारळाची पेंड मधोमध हवी, सुपारीचे घोस कडेला हवेत, कांगण्या अशा एकाच बाजूला का कोंबल्यास. त्या गलबल्यात चुलतभावाच्या मुलीने, जी दहा वर्षांची आहे आणि जिला दुसऱ्याच्या अडचणीची वेळ बरोबर सापडते, मला विचारले, "काका, तुम्ही त्या बर्फाच्या डोंगराच्या टोकावर गेला होता ना?" मी दातांतला दोर काढला, "हो, गेलो होतो ना," असे म्हणालो आणि गाठ मारली. गाठ चांगली बसली.

आपण खोटे बोललो, हे शिडीवरून उतरताना माझ्या ध्यानात आले.

खोटे तसे लहानच होते. त्याच वर्षी, म्हणजे २०२४च्या फेब्रुवारीत, मी गुलमर्गला गेलो होतो हे खरे होते आणि पायांत स्की अडकवून तिथल्या अफरवट डोंगराच्या धारेच्या दिशेने साडेचार तास चढलो होतो हेही खरे होते. जेथून आम्ही मागे वळलो, तेथून धार उंचीने साधारण दोनशे मीटर राहिली होती. मुलीला त्या दोनशे मीटरांशी काही देणेघेणे नव्हते. तिला टोक हवे होते आणि मी ते तिला देऊन टाकले. पण सोप्यावर आबा बसले होते. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू, वय ब्याऐंशी. मांडीवर सुपारीचा घोस घेऊन ते त्यातली किडकी फळे खुडून टाकत होते. त्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा सुपारीकडे वळवली. काश्मीरहून परतल्यावर मी त्यांना सगळे सांगितले होते: कोठे थांबलो, कशामुळे थांबलो, कोणी थांबवले. तरी ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे मला गणपतीचे विसर्जन होईपर्यंत वाटत राहिले, आणि खरे सांगायचे तर नंतरही.

गोव्यातल्या माणसाने स्की करणे हे मुळात थट्टेचे काम आहे आणि ती थट्टा मला मान्य आहे. पणजीत बँकेत नोकरी, दुसऱ्या मजल्यावरची सदनिका, फेब्रुवारीत दुपारी पंखा लावल्यावाचून बसवत नाही अशी हवा, आणि कपाटावर माझ्या हनुवटीपर्यंत पोहोचतील एवढ्या लांबीच्या दोन स्की, चादरीत गुंडाळलेल्या. बायकोने त्यांना "ते तुझे प्रेत" असे नाव ठेवले आहे. मोपाच्या विमानतळावर सुरक्षारक्षकाने त्या लांबट पिशवीकडे पाहून "सर्फिंग?" असे विचारले होते. मी "स्की" म्हणालो, तेव्हा त्याला समुद्रात बोटीमागे ओढत नेतात त्या स्की वाटल्या, आणि मागे रांग खोळंबली होती म्हणून मी तेथेही हो म्हणालो. आता लिहिताना लक्षात येते की हो म्हणून मोकळे होण्याची ही सवय जुनीच आहे.

या छंदापर्यंत मी चालत चालत आलो. सत्तरीत वाढलेल्या मुलाला डोंगर शोधावा लागत नाही. परसाच्या मागे चढ सुरू होतो. वाघेरीच्या डोंगरावर मी प्रथम गेलो तेव्हा आठवीत होतो. वरून अंजुण्याच्या धरणाचे पाणी दिसले आणि त्या पाण्यापेक्षा आपण एवढे वर आहोत याचेच अप्रूप वाटले. पुढे सुर्ल्याचे पठार झाले, चोर्ल्याच्या आसपासच्या जंगलवाटा झाल्या, मग नोकरी लागल्यावर वर्षाकाठी एक हिमालयातली पदयात्रा. अशाच एका पदयात्रेत, उत्तराखंडात, मार्चच्या अखेरीस, आम्ही गुडघाभर भुसभुशीत बर्फात पाय उपसत असताना शेजारच्या उतारावरून दोन माणसे स्कीवर वर चढत गेली. खाली घसरणारी माणसे मी चित्रांत पाहिली होती, पण वर चढणारी कधीच पाहिली नव्हती. ना पाळणा, ना दोर, ना आखलेली घसरपट्टी. आपल्याच पायांनी तासन् तास वर जायचे आणि मग त्या कमाईवर काही मिनिटे खाली यायचे. हिशेब इतका तोट्याचा होता की तो मला लगेच आवडला. पुढचे दोन हिवाळे गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंगमध्ये पडणे, उठणे आणि पुन्हा पडणे यांत गेले, आणि तिसऱ्या हिवाळ्यात वाटाड्या घेऊन रानातल्या बर्फावर जाण्याइतपत माझी तयारी झाली.

चढण्याची सारी किमया एका पट्टीत असते. तिला स्किन म्हणतात, कारण पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. आता मोहेरची किंवा नायलॉनची असते, नाव मात्र तेच राहिले आहे. एका बाजूला डिंकासारखा चिकट थर, तो स्कीच्या तळाला बसवायचा. दुसऱ्या बाजूला आखूड लव, सगळी एकाच दिशेला झुकलेली. स्की पुढे ढकलली की लव निजते आणि स्की घसरते. मागे रेटली की लव उभी राहून बर्फ धरते, मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवावा तशी. चवडा स्कीवरच्या पकडीत, बाइंडिंगमध्ये, अडकलेला आणि टाच मोकळी, त्यामुळे पाऊल उचलावे लागत नाही, नुसते सरकवायचे असते. त्या सरकण्याचा आवाज मला फार जवळचा वाटला. पहाटे कोणीतरी हिराच्या केरसुणीने अंगण झाडत आहे आणि आपण अजून अंथरुणात आहोत, असा तो आवाज होता. पुण्याचे दोघे, बंगळूरचा एक, मी आणि पुढे वाटाड्या, अशा पाच जणांच्या पाच केरसुण्या देवदार-फरच्या राईतून वर चालल्या होत्या. राळेचा वास होता, नाकातला ओलावा गोठून श्वासाबरोबर टोचत होता आणि फांदीवरून बर्फाचा गोळा निसटून पडला की नंतरची शांतता आधीपेक्षा जास्त दाट होत होती.

गंडोलाचा, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या पाळण्याचा, दुसरा टप्पा माणसाला अफरवटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर, काही मिनिटांत नेऊन सोडतो, आणि बहुतेक लोक तेथूनच सुरुवात करतात. आम्ही मुद्दाम खालून, खिलनमर्गच्या बाजूने चढलो. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस संपून त्यानंतरचे सौम्य चिल्लई खुर्द लागले होते. त्या वर्षीचा जानेवारी अनेकांना आठवत असेल. गुलमर्गचे मैदान ऐन हिवाळ्यात तपकिरी पडले होते आणि त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरत होती. मग महिन्याच्या अखेरीस हिमवृष्टी झाली आणि फेब्रुवारीच्या आरंभी चांगलीच झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा सारे कसे पांढरेशुभ्र आणि नवेकोरे होते. कोरड्या जानेवारीबद्दल आम्ही "बरे झाले, वेळेवर बर्फ आले" असे म्हणत होतो. वाटाड्या तसे म्हणत नव्हता, हे मला नंतर आठवले.

भोजपत्रांची शेवटची झाडे मागे पडली, उतार मोकळा झाला आणि तेथे तो आवाज आला. तो शब्दांत धरता येणार नाही. खूप मोठ्या उशीवर कोणीतरी बसावे तसा, दबलेला, एकच हुंकार. आणि त्याच क्षणी पायांखालचे सगळे बर्फ, माझ्यासकट, बोटभर खाली बसले. भीती वाटायला वेळच नव्हता. मला उलट मौज वाटली. वाटाड्याने मात्र पाठ न वळवता हात वर केला. मग त्याने आम्हाला एकेकाला, अंतर ठेवून, आल्या मार्गाने एका खडकाच्या आडोशाला परत पाठवले आणि तेथे, कमी चढाच्या जागी, फावड्याने कमरेइतका खड्डा खणला.

त्या खड्ड्याची भिंत हा मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत स्पष्ट जमाखर्च आहे. वर हातभर नवे, घट्ट बांधलेले बर्फ. त्याखाली एक करडी रेघ. आणि तळाशी वितभर थर, जो बर्फासारखा दिसतच नव्हता. वाटाड्याने त्यातले मूठभर माझ्या हातमोज्यावर ठेवले. मूठ वळली तर ते वळेना, बोटांतून गळून गेले. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरात नुकते ओढून ठेवलेले मीठ हातात घ्यावे तसे ते होते, रवाळ आणि कोरडे. आकाश निरभ्र, थंडी कडक आणि बर्फ पातळ असले की असे होते. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते, वरची हवा त्याहून पुष्कळ गार असते, आणि त्या पातळ थरातून बाष्प खालून वर सरकत राहते. त्यात कणांना कोन फुटतात, आणि कोन फुटलेले कण एकमेकांना धरत नाहीत. म्हणजे ज्या जानेवारीत आमच्या मते काहीच घडले नव्हते, तो जानेवारी तळाशी तसाच बसून होता आणि फेब्रुवारीने त्याच्यावर आपले ओझे ठेवले होते. मग वाटाड्याने भिंतीतून हातभर रुंदीचा एक खांब कापून मोकळा केला, त्याच्या डोक्यावर फावडे ठेवले आणि त्यावर चापट्या मारू लागला: दहा मनगटातून, मग कोपरातून. कोपरातल्या तिसऱ्या चापटीला खांबाचा वरचा भाग, पाटावरची वडी सरकावी तसा, सपशेल पुढे आला. खांद्यातल्या दहा चापट्या मारण्याची गरज पडली नाही.

"आज नहीं," तो म्हणाला.

पुण्याच्या एकाने वाद घातला. उतार तर फारसा उभा दिसत नाही, असे त्याचे म्हणणे होते. वाटाड्याने स्कीच्या काठीला उतारमापी लावून आकडा दाखवला. तो चौतीस होता. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उताराला बर्फ बसते आणि त्याच उतारावरून ते सर्वांत जास्त निसटते, हे आम्हा सर्वांना वर्गात शिकवलेले होते. आम्हा प्रत्येकाच्या छातीवर बीकन होता, गाडला गेलेला माणूस शोधता यावा म्हणून ४५७ किलोहर्ट्झवर अखंड टिकटिकणारा. पाठपिशवीत प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून चाचपायची लांब सळई, होता, फावडे होते. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत उकरून काढले तर वाचण्याची आशा मोठी असते आणि मग ती झपाट्याने उतरते, हेही पाठ होते. सगळे ठाऊक असूनही मी मनातून पुणेकराच्याच बाजूने होतो. तीन वर्षे साठवलेली रजा, साठवलेले पैसे, समोर दिसणारी धार आणि तिच्यावर उडणारी चंदेरी धूळ. त्या धारेपलीकडे काय दिसते ते मला पाहायचे होते. वाटाड्याने उत्तर दिले नाही. त्याने खाली वाकून स्वतःच्या स्कीची स्किन टोकाकडून धरली आणि एका दमात सोलून काढली. त्या फर्रकन आवाजानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही, कारण स्किन नसलेल्या स्कीला वर जाता येत नाही.

उतरतानाचे बर्फ फार सुंदर होते, असे बाकीचे तिघे अजूनही सांगतात. भोजपत्रांच्या तांबूस सालींमधून आम्ही वळणे घेत आलो, म्हणे. मला त्यातले एकही वळण आठवत नाही, कारण मी सबंध उतार रागात होतो. संध्याकाळी वाटाड्याच्या ओळखीच्या घरी बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, बसून आम्ही गुलाबी नून चहा प्यालो. तोही मला आवडला नाही. चहात मीठ ही कल्पना समुद्राकाठच्या माणसालाही जड जाते. आदल्या आठवड्यातही आपण एका गटाला त्याच जागेवरून परत आणले होते आणि त्यांनी निघताना बक्षीस दिले नाही, असे तो हसत हसत म्हणाला. आम्ही दिले. मी जरा जास्तच दिले, बहुधा मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या होत्या म्हणून.

मी पणजीला परत आल्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ फेब्रुवारीला, अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीयर मरण पावला. आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला तेथेच दोन पोलिश स्कीयर गेले होते. ओळखीच्यांनी ती बातमी मला पाठवली आणि खाली लिहिले, "वाचलास!" या बातमीच्या आधाराने आपल्या परत फिरण्याची गोष्ट सजवावी, असा मोह मला झाला नाही असे नाही. पण तो उतार वेगळा, दिवस वेगळा, मध्ये आणखी बर्फ पडलेले. आम्ही त्या दिवशी पुढे गेलो असतो तर काय झाले असते, याचे प्रामाणिक उत्तर एकच आहे: कदाचित काहीच झाले नसते. धारेवर उभे राहून छायाचित्र काढून आम्ही चहाच्या वेळेला खाली आलो असतो. परत फिरणाऱ्याच्या हातात पुरावा कधीच येत नाही, आणि मला वाटते मला डाचत होते ते हेच.

त्या हुंकाराची गंमत म्हणजे तो मला ओळखीचा वाटला होता. गुलमर्गला असताना तो कोठला हे आठवले नाही. एप्रिलमध्ये काजूच्या दिवसांत केरीला गेलो तेव्हा आठवले. आमच्या काजूबागायतीच्या वरच्या अंगाला सडा आहे. जांभ्याचा सडा ज्यांनी तुडवला आहे त्यांना त्याचे बोलणे ठाऊक असते. बहुतेक ठिकाणी पाऊल पडले की तो टणक, कोरडा आवाज देतो. पण काही ठिकाणी, वरून काहीच फरक दिसत नसताना, पायाखाली रिकाम्या घागरीसारखे घुमते. आतून पाण्याने माती वाहून नेलेली असते आणि वर फक्त जांभ्याचे झाकण उरलेले असते. मी लहान असताना आबांच्या मागून त्या सड्यावरून जात असे. ते काठी आपटत चालत आणि मध्येच एखाद्या ठिकाणी थबकून "हांगा पोकळ आसा" एवढेच म्हणत आणि चार पावलांचा वळसा घेत. ते झाकण कधी फुटलेले मी पाहिले नाही. गुरे तर बिनदिक्कत त्यावरून जात. तरीही आबा प्रत्येक खेपेला वळसा घेत, आणि मी मागून गुपचूप त्या पोकळ जागेवर पाय आपटून येत असे.

पण सड्यापेक्षा जास्त मला व्हाळाची, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याची, गोष्ट आठवू लागली. ती या चवथीच्याच आसपासची आहे. मी अकरा वर्षांचा होतो आणि माटोळीचे सामान आणायला प्रथमच आबांबरोबर निघालो होतो. आमच्याकडे डोंगरावर कोणी उगाच जात नाही, निदान त्या काळी जात नसे. डोंगर म्हणजे काजू, डोंगर म्हणजे गुरांचे रान, पहिल्या पावसानंतर रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी अळमी (आळंबी), आणि चवथीला माटोळीची फळे. टोकावर काय आहे, असे विचारणारे कोणी नव्हते, कारण टोकावर कवंडळे लागत नाहीत. ज्या उताराला ती लागत, त्याच्या अलीकडे एक व्हाळ होता. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी जेमतेम गुडघ्याला लागेल इतके होते आणि ऊन पडले होते. मी पाण्यात पाय घातलासुद्धा. आबांनी माझी मानगूट धरून मला मागे ओढले. पाण्याचा रंग जरासा बदलला होता, असे ते म्हणाले. मला तो मुळीच दिसला नाही. वाळकी पाने आणि काटक्या एकदम जास्त येऊ लागल्या होत्या. त्या मला दिसल्या, पण पावसाळ्यात व्हाळात पाने असायचीच. आबांनी वर घाटाकडे पाहिले. तिकडे काळे होते. थोडा वेळ उभे राहून ते वळले आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घरी आले.

त्या वर्षी आमची माटोळी विरळ झाली. लाकडाच्या चौकटीत मधल्या जागा उघड्या दिसत होत्या आणि काकीने घरातले नारळ दोन-दोन बांधूनही त्या भरल्या नाहीत. दर्शनाला येणारा प्रत्येक जण आधी गणपतीकडे आणि मग वर पाहतो, ही आपल्याकडची रीत. वर पाहून लोक विचारत, "यंदा माटोळी हलकी?" आणि आबा, पानाला चुना लावत, अगदी सहज सांगत, "व्हाळ भरला होता. परत आलो." मी कोपऱ्यात लाजेने मरत होतो, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. व्हाळ भरला नव्हता. आमच्यानंतर तासाभराने शेजारघरचे दोघे तोच व्हाळ ओलांडून गेले होते आणि भरल्या पाट्या घेऊन कोरड्या लुगड्या-धोतराने परत आले होते. त्यांनीच आम्हाला चार कवंडळे देऊ केली. आबांनी ती आनंदाने घेतली, टांगली आणि कोणी कौतुक केले तर ती कोणाची हेही सांगितले.

पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एकदा जेवताना मी त्यांना ते ऐकवले. म्हटले, "आबा, त्या दिवशी व्हाळ भरला नव्हता हो. तुम्ही सगळ्यांना भरला होता म्हणून सांगत होता." त्यांनी ताटातला माशाचा काटा शांतपणे बाजूला काढला आणि म्हणाले, "माझ्यापुरता भरला होता." तेव्हा मला ते सोयीचे उत्तर वाटले. म्हाताऱ्या माणसांना अशी वाक्ये सुचतात आणि मग त्यांच्याशी बोलता येत नाही. आता वाटते की ते सोयीचे असेलही. पण त्यांनी निदान आपण परत आलो हे लपवले नाही. ते कारण चुकीचे देत होते आणि निकाल खरा सांगत होते. माझ्याजवळ कारण पक्के होते, खड्ड्याच्या भिंतीत डोळ्यांनी पाहिलेले, आणि निकाल मी बदलून सांगितला.

यात थोडा दोष विचारणाऱ्यांचाही आहे, असे मी स्वतःला समजावून पाहिले. सुट्टीच्या दिवशी मी कधी कधी बँकेतल्या मुलांना पावसाळ्यात सत्तरीच्या वाटा दाखवतो. सहा तास चाललो, जळवा काढल्या, धुक्यात मलबारी कस्तुराची शीळ ऐकली, पण वझर, म्हणजे धबधबा, दिसला नाही, तर सोमवारी कचेरीत त्या दिवसाला काही किंमत उरत नाही. "वझर पाहिला का?" हा एकच प्रश्न असतो. त्या प्रश्नाने माणसे पाण्यात उतरतात. २०२३च्या जुलैमध्ये नेत्रावळीच्या मैनापी वझरावर दोन तरुण बुडाले आणि मग वनखात्याने अभयारण्यांतल्या वझरांवर जाण्यास मनाई केली. मनाईचा फलक लावणे सोपे असते. "गेलो होतो, पण परत आलो" हे वाक्य सोमवारी कचेरीत बोलणे त्याहून अवघड असते. हे मी मुलांना सांगतो. मोठ्या तोऱ्यात सांगतो.

पावसाळ्यात आणखी एक फजिती झाली. ऑगस्टमध्ये कपाटावरचे ते प्रेत खाली काढले तर स्किनच्या लवेवर हिरवट-पांढरी बुरशी धरली होती आणि चिकट थर पाघळून दोन्ही पट्ट्या एकमेकींना अशा बिलगल्या होत्या की बायकोने एक टोक आणि मी दुसरे धरून ओढावे लागले. उणे पंधरा अंशांत टिकणारी वस्तू पणजीच्या श्रावणात टिकली नाही. त्यांना अजूनही राळेचा वास येत होता, बुरशीच्या वासाखाली, अगदी पुसट. व्हिनेगरने पुसून त्या पंख्याखाली वाळत घातल्या. दोन दिवस बैठकीच्या खोलीत त्या कोणा प्राण्याच्या कातड्यासारख्या लोंबत होत्या आणि येणारा-जाणारा विचारत होता की हे काय आहे. मी प्रत्येकाला बर्फाची, लवेची, चढण्याची सगळी हकिगत सांगत असे आणि भोजपत्रांची झाडे संपली की तेथेच थांबत असे. तेव्हाही कोणी पुढचे विचारले नाही. विचारले असते तर मी काय म्हणालो असतो ते आता उघडच आहे.

दिवाळीनंतर चुलतभावाने दूरध्वनीवर मोठ्या कौतुकाने सांगितले की मुलीने शाळेत 'मला आवडणारी व्यक्ती' या विषयावर निबंध लिहिला आणि त्यात मी आहे. त्याने वहीच्या पानाचे छायाचित्रही पाठवले. अक्षर टपोरे होते. "माझे काका बर्फाच्या डोंगराच्या टोकावर गेले. तिथून त्यांना सगळे जग दिसले." दुसरे वाक्य तिचे स्वतःचे होते, ते मी बोललो नव्हतो. पण पहिले मीच पुरवले होते. खाली बाईंनी लाल शाईत 'छान' लिहिले होते. मी ते पान बँकेत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मोठे करून पाहिले आणि डबा तसाच बंद केला.

डिसेंबरमध्ये केरीला गेलो तेव्हा आबा अंगणात उन्हाला बसले होते आणि मुलगी पायरीवर काहीतरी खरडत होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि सांगून टाकले की मी टोकावर गेलो नव्हतो, थोडे राहिले होते. तिने वही मिटली. "किती राहिले होते?" मी वाघेरीकडे बोट करून, तेथपर्यंत गेल्यावर वरचा जो एक टप्पा उरतो तेवढे, असे दाखवले. तिने त्या टप्प्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "पण निबंध बाईंनी तपासला आता." तिच्या दृष्टीने विषय तेथे संपला होता. आबांनी डोळे मिटलेले होते. ते झोपले होते की नाही ते कळले नाही. मग तिने विचारले, "का नाही गेलात?" मी बर्फाच्या थरांबद्दल सांगू लागलो, मिठाबद्दल, खांबाबद्दल, आणि तिला त्यातले काहीच आवडले नाही. आवाजाशी आल्यावर ती सरसावून बसली. "कसा आवाज?" मी तोंडाने काढून दाखवला. तो म्हशीच्या फुरफुरण्यासारखा झाला आणि ती हसली.

म्हणून आम्ही दोघे आबांची काठी घेऊन सड्यावर गेलो. गवत वाळून पिवळे पडले होते, जांभा उन्हाने तापला होता आणि त्याला तो भाजलेल्या मातीचा वास येत होता. पोकळ जागा कोठे आहे हे मला पक्के आठवत असल्याचा माझा समज होता, पण पाऊण तास काठी आपटूनही सगळीकडे टण् टण् एवढेच उत्तर आले. आबा असते तर त्यांना काठीही लागली नसती. मी कंटाळून एका दगडावर टेकलो आणि परत जाऊ या असे म्हणणार, इतक्यात थोड्या अंतरावरून तो आला, घागरीसारखा, घुमून. मुलगी जागच्या जागी थांबली. तिने काठी खाली ठेवली, वाकून कान जमिनीला लावला, उठून माझ्याकडे पाहिले, आणि मग दोन्ही पाय जुळवून त्या जागेवर जोरात उडी मारली. मी "अगं, थांब," म्हणेपर्यंत तिची दुसरी उडी मारून झाली होती.